सक्री आणि सुमनबाई

सेलूला मोंढ्याच्या मागं एका लिंगायत व्यापाऱ्याचं घर होतं. त्याच्या परसदारच्या दोन खोल्यांत मी लहानाची मोठी झाले. पुढच्या बाजूला त्यांचं भुसाराचं दुकान, मध्ये त्यांचं राहतं घर, आणि अंगण ओलांडलं की आम्ही. अंगणात आड होता, आडाशेजारी कण्हेर आणि कपडे धुवायचा मोठा काळा दगड. हिवाळ्यात जिनिंग सुरू झाली की दिवसभर एकसारखी घरघर कानात राहायची. कापसाची बारीक पिसं उडत यायची आणि वाळत घातलेल्या कपड्यांना, कण्हेरीच्या पानांना, दुधाच्या पातेल्यावरच्या झाकणाला चिकटून बसायची. रेल्वे आली की वरचे पत्रे थरथरायचे. एवढ्या आवाजात आमचं घर मात्र गप्प होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, जिनिंगमध्ये कारकून होते. ते बोलायचे ते तोलूनमापून, छापील पुस्तकातल्यासारखं. गल्लीत सगळे ‘लय’ म्हणायचे, ‘आमी’, ‘तुमी’ म्हणायचे, आमच्या घरात ते चालत नसे. एकदा मी ‘आई भाकरी करायलीय’ असं म्हणाले, तर अण्णांनी हातातला घास ताटात ठेवला आणि ‘करत आहे’ असं माझ्याकडून वदवून घेतल्यावरच पुढं जेवले. आई तर जवळजवळ बोलतच नसे. हो, नाही, वाढू का, झोप आता. एवढ्यावर तिचा दिवस निभायचा.

गल्लीतल्या बायका तिला मुकी म्हणायच्या, काही गर्विष्ठ म्हणायच्या. मला ती थोडी मंद वाटायची, आणि वाढत्या वयात तिची लाजही वाटायची. मैत्रिणींच्या आया दारात उभ्या राहून तासन् तास गप्पा मारत, माझी आई कुणी आलं की पदर सारखा करून आत जाई. उन्हाळ्यात परभणीकडचं ऊन काय असतं ते वेगळं सांगायला नको, पण ती चैत्र-वैशाखातही मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं घालायची. त्या बाह्यांखाली कोपरापर्यंत गोंदण होतं, हे मला माहीत होतं. पण गोंदण तर पुष्कळ बायकांच्या हातावर असतं, मग हिलाच ते का झाकायला लागावं, असं कधी मनात आलं नाही. घरात जे जन्मापासून बघतो त्याला माणूस प्रश्न विचारत नाही. आम्हाला नातेवाईक नव्हते. अण्णा म्हणायचे, सगळे पटकीच्या साथीत गेले. आडनाव जाधव. या आडनावाला पुढचं कुणी काही विचारत नाही, ही सोय मला फार उशिरा कळली.

घरमालकीण गंगाकाकू मात्र आईवर जीव लावून होती. सकाळी तळहातावर लिंग घेऊन तिची पूजा चालायची, कपाळाला भस्माचे पट्टे असायचे, आणि पूजा आटोपली की ती हमखास आमच्या दारात यायची. सणाला गव्हाच्या हुग्गीची, म्हणजे खिरीची, वाटी आधी आमच्याकडं यायची, मग आप्तांकडं जायची. सुमनबाई, सुमनबाई करत ती एकटीच बोलत बसायची आणि आई हसून मान हलवायची. ‘बोलत न्हाई म्हणून तर चांगली हाय, बाकीच्या लय बोलतात,’ असं काकू म्हणायची. आई तिला धपाटे करून द्यायची. काकूसमोर आई परातीत भाकरी थापायची. कुणी नसलं की दोन्ही तळहातांवर भराभर फिरवत मोठी जाड भाकरी थापायची, आणि तेव्हा तिचा चेहरा जरा निराळा, मोकळा दिसायचा.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा आषाढात आईला मुदतीचा ताप आला. आठवडाभर ती नुसती पडून होती. एका दुपारी मी तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसले होते आणि ती बोलायला लागली. पुटपुटली नाही, बोलली. मोठ्यानं, भरल्या आवाजात, हसत, कुणाला तरी दटावत, कुणाची तरी चेष्टा करत. मध्येच जनावरांना हाकारावं तशी हाळी दिली. मग गायला लागली. तो आवाज माझ्या आईचा आहे हे मला खरं वाटेना. मला त्यातला एक शब्द कळत नव्हता. ‘याडी’ एवढा एकच पुन्हा पुन्हा येत होता म्हणून कानात राहिला. एवढ्यात गंगाकाकू मुगाचं कढण घेऊन दारात आली आणि वाटी हातात तशीच धरून उभी राहिली. मग म्हणाली, “ही काय बोलायलीय गं? कानडी तर न्हाई.”

अण्णा जेवायला आले तेव्हा काकू दारातच होती. त्यांनी चपला काढायच्या आधी खिडकी लावली, मग रेडिओ लावला आणि आवाज वाढवला. बाजारभाव चालले होते. कापूस, ज्वारी, हायब्रीड, तूर. त्या आवाजावर आपला आवाज चढवून ते काकूला म्हणाले की ताप डोक्यात गेला आहे, डॉक्टरांनी तसं सांगितलंच होतं. काकू कढण ठेवून गेली. आई बोलतच राहिली आणि अण्णा रेडिओजवळ बसून राहिले, त्यांनी तिच्याकडं एकदाही पाहिलं नाही. त्या दिवशी मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, तापात माणसं काहीही बोलतात.

ताप उतरल्यावर एका सकाळी मी आईचे केस विंचरत होते. निम्मे गळाले होते. मी विचारलं, “आई, याडी म्हणजे काय गं?” तिनं दाराकडं पाहिलं. अण्णा कामावर गेले होते. ती म्हणाली, “आई.”

मग पुढचे कितीतरी दिवस, अण्णा घरात नसताना, ती थोडं थोडं सांगत गेली. आम्ही बंजारा. चारठाण्याच्या पुढं माळावर तिचा तांडा. तिचं नाव सक्री. सुमन हे नाव अण्णांनी सेलूला आल्यावर ठेवलं. मी अंगावर पीत होते तेव्हा ते दोघं तांडा सोडून आले. येताना तिचा आरशांचा घागरा, काचोळी, कोपरापर्यंतच्या बांगड्या, केसांत ओवायच्या घुगऱ्या, सगळं उतरवून ठेवायला लागलं. मराठी बोलताना तिचे हेल लगेच कळायचे, म्हणून अण्णांनी सांगितलं, शिकेपर्यंत कमी बोल. मग ते तसंच राहिलं. माझ्यासमोर आपली बोली काढणार नाही अशी माझ्याच डोक्यावर हात ठेवून त्यांनी तिच्याकडून शपथ घेतली होती. मला हे ऐकताना राग आला तो अण्णांचा, पण आई त्यांची बाजू सोडत नव्हती. आसपास कुठं खळं लुटलं, बैल गेला, की पोलिसांचा जमादार आधी तांड्यावर यायचा. निजामाच्या वेळेपासूनची ती रीत. अण्णांच्या वडिलांना असंच धरून नेलं, आणि परत आणलं तेव्हा ते उभे राहू शकत नव्हते. ते अण्णांनी लहानपणी पाहिलं होतं. आई म्हणाली, त्यांना फक्त तुझ्यावर कुणाचं बोट नको होतं.

आज मीही सत्तरीकडं आले आहे आणि त्यांचं हे भय मला समजतं. समजणं आणि माफ करणं या दोन गोष्टी आहेत. पुष्कळ लोकांना त्या एकच वाटतात, मला नाही.

श्रावणात मी तांड्यावर गेले. अण्णांना मैत्रिणीच्या गावी जाते म्हणून सांगितलं. आईनं तिच्या आईसाठी तंबाखूची पुडी दिली, चुन्याची डबी दिली आणि दोन्ही एका स्वच्छ फडक्यात बांधलं. म्हातारीला तंबाखू लागते, म्हणाली, कडक असली तर बरं. चारठाण्याला एसटीतून उतरून जुन्या देवळांवरून पुढं चालत गेले. माळावर कुडाची आणि मातीची घरं, बाहेर बाजा टाकलेल्या, शेळ्या, आणि त्या घागऱ्यांचे लाल-निळे रंग. मी साडीत, खांद्याला पर्स, हातात छत्री. कुत्री भुंकली आणि बायका बाहेर आल्या. झमकूचं घर कुठलं, असं विचारलं. झमकू माझ्या आईची मोठी बहीण. ती उंच होती, आईचंच नाक, आईचेच डोळे, पण आवाज त्या तापातल्या दुपारचा. मी सक्रीची मुलगी म्हटल्यावर तिनं माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडं वळवला आणि बराच वेळ बघितलं. मग बाजेवर बसवलं, पाणी दिलं. मी फडकं पुढं केलं आणि म्हटलं, आईनं आजीसाठी तंबाखू पाठवलीय, आजी कुठं आहे?

मावशीनं ते फडकं सोडून बघितलं, पुन्हा बांधलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

आजी मी शाळेत होते तेव्हाच गेली होती. मावशीचा नवरा त्याच दिवशी सेलूला गेला होता. घर माहीत नव्हतं म्हणून जिनिंगच्या फाटकावर जाऊन अण्णांना भेटला. अण्णांनी त्याला हॉटेलात नेलं, चहा पाजला, सक्रीला सांगतो म्हणाले आणि बसमध्ये बसवून दिलं. “सांजच्यापातूर ठिवलं व्हतं आमी तिला,” मावशी म्हणाली. “सक्री येईल म्हून.”

मी सांगितलं की आईला कुणी काही सांगितलेलंच नाही, तिला आजही माहीत नाही. मावशी ऐकून घेत होती. जात्याच्या पाळीवरचं पीठ बोटानं गोळा करत होती. मग म्हणाली, “नसंल सांगितलं त्यानं. पर इतक्या सालांत तिला पाय नव्हते का? सेलू काय समुद्रापल्याड हाय?”

मी फडकं पर्समध्ये ठेवलं. तिनं मला जेवू घातलं. भाकरी, अंबाडीची भाजी, वर कच्चं तेल. तिजेचे दिवस होते. लग्न न झालेल्या पोरी टोपल्यांत गहू पेरून रोज गाणी म्हणत पाणी घालत होत्या, कोवळे पिवळसर कोंब वीतभर आले होते. मावशीनं मलाही त्यांच्यात उभं केलं. मी नुसते ओठ हलवले. माझ्याच वयाची एक पोर शेजारणीच्या कानाशी लागून ‘कोर’ म्हणाली आणि दोघी हसल्या. मावशीनं नंतर अर्थ सांगितला. आपण ते गोर, बाहेरचे ते कोर. तिनं तो सांगताना चेहऱ्यावर काही आणलं नाही. मी कशात मोडते हे तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

सेलूला परतले तेव्हा आई आडावर भांडी घासत होती. मी फडकं तिच्यासमोर ठेवलं. गाठ तीच होती का वेगळी, देव जाणे, पण तिनं हातातली राख पाण्यात धुतली आणि एवढंच विचारलं, “कवा?” मी सांगितलं. जिनिंगच्या फाटकावरचा चहाही सांगितला. ती उठली, चालत धुण्याच्या दगडापाशी गेली, दगडावर बसली, पदर तोंडावर ओढला आणि रडायला लागली. आमच्या लोकांत बायका रडतात ते गात रडतात. गेलेल्या माणसाला हाक मारत, त्याचं सगळं आयुष्य सांगत, एकेका ओळीला हेल देत. “याडीये,” म्हणून तिनं सूर लावला आणि अख्खं अंगण त्या आवाजानं भरलं. पुढच्या दुकानातली गिऱ्हाईकं मागं आली. भिंतीवरून डोकी दिसायला लागली. गंगाकाकू ओसरीवर उभी होती. मी आईजवळ बसले, पण तिला धरायचं कसं हे मला कळेना.

अण्णा आले तेव्हा ती तशीच रडत होती. ते दारात थबकले. मग जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, सुमन, आत चल, लोक बघत आहेत. आईनं पदर बाजूला केला आणि त्यांच्या बोलीत त्यांना काहीतरी विचारलं. एकच वाक्य, ओरडून नाही. आणि अण्णांनी त्याच बोलीत उत्तर दिलं. सगळ्यांसमोर, सहज, जन्मभर तेच बोलत असल्यासारखं. आपण काय केलं हे बोलून गेल्यावर त्यांना कळलं. त्यांनी एकदा भिंतीवरच्या डोक्यांकडं पाहिलं, काकूकडं पाहिलं आणि खाली मान घालून घरात गेले. ती वाक्यं मी लक्षात ठेवली आणि पुढं मावशीकडून अर्थ समजून घेतला. आईनं विचारलं होतं, त्या दिवशी घरी येऊन माझ्या हातचं जेवलास कसा? ते म्हणाले होते, जेवलो नव्हतो.

त्या संध्याकाळी काकूनं आईला स्वतः पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवला. मला वाटलं, हिला काही फरक पडणार नाही. पण श्रावणी सोमवार आला आणि हुग्गीची वाटी आली नाही. धपाटे नेले तर दारातूनच, आज उपास हाय, म्हणाली. पोळ्याच्या सुमारास मालकांनी अण्णांना दुकानात बोलावून घेतलं आणि पुतण्या यायलाय, खोल्या लागतील, असं सांगितलं. अण्णांनी मुदतसुद्धा मागितली नाही. त्यांनी वालूरला जागा पाहिली आणि तिथून रोज एसटीनं कामावर जायला लागले. आम्ही गाडीत सामान भरत होतो तेव्हा काकू ओसरीवर वाती वळत बसली होती. आई तिच्या पाया पडली. काकूनं पाय किंचित मागं घेतले, कुणाला दिसलं नसेल इतकेच. मला दिसलं. पुतण्या पुढं कधी आल्याचं ऐकलं नाही. मी त्या घरावरून नंतर अनेकदा गेले, खोल्यांना कुलूप असायचं.

वालूरच्या घरात अण्णा आणि आई एकमेकांशी कामापुरतं बोलायचे. मी मात्र सुटीच्या दिवशी तांड्यावर जायला लागले. अण्णांनी अडवलं नाही, विचारलंही नाही. मावशीकडून एकेक शब्द शिकत होते, चुकत होते, पोरी हसत होत्या. आता माझ्या मावसबहिणीची नात परभणीत माझ्याकडं शिकायला असते. तिच्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनात ती भाड्यानं आणलेला घागरा घालून नाचते आणि मोबाइलवर मला ते दाखवते. बोली तिलाही नीट येत नाही. मी बोलले की ती म्हणते, आज्जी, तू पुस्तकातल्यासारखं बोलतेस. अण्णांनी मराठीचं जे केलं तेच मी या बोलीचं केलं असावं.

दिवाळी झाल्यावर तांडा ऊसतोडीला बाहेर पडतो. आम्ही वालूरला आलो त्या वर्षी, तांडा निघायच्या आधी मी आईला घेऊन गेले. मीच हट्ट धरला होता. तीही आतून आसुसलेली होती, चार दिवस आधीपासून साडी काढून ठेवली होती. त्या दिवशी तिनं पोलक्याच्या बाह्या दुमडल्या, गोंदण उघडं ठेवलं. एसटीत ती मला रस्त्यातली झाडं, ओढे, कुणाकुणाची शेतं दाखवत होती. तिनं मला आधीच सांगून ठेवलं होतं की पुष्कळ दिवसांनी भेटलेल्या बायका आधी गळ्यात पडून रडतात, गाण्यात रडतात, दोघींनी एकमेकींच्या ओळी उचलायच्या असतात, मग बोलणं. तू भिऊ नको, म्हणाली.

तांड्यावर निघायची घाई चालली होती. गाठोडी बांधलेली, भांडी पोत्यात, कोंबड्या डालग्याखाली. मावशी दोरी आवळत होती. आईला तिनं लांबूनच ओळखलं, तसं तिच्या हातावरून कळलं, कारण दोरी तिथंच थांबली. आई पुढं गेली, दोन्ही हात पसरले आणि सूर लावला. “याडीये,” आणि मग बहिणीचं नाव घेऊन पहिली ओळ. मावशीनं ओळ उचलायला हवी होती. तिनं उचलली नाही. ती आत गेली आणि तांब्या भरून बाहेर आली. आईनं दुसरी ओळ म्हटली. तिसरीला अडखळली, शब्द आठवेनात, परत पहिलीवर आली. कुणीतरी पोर खुदकन हसली. आईचे हात तसेच होते, मग हळूहळू खाली आले.

मावशीनं बाजेवर नवी गोधडी अंथरली, जी पाहुण्यांना अंथरतात. म्हणाली, “बसा सुमनबाई.”

ते नाव तिला मीच सांगितलं होतं, बोलता बोलता.

आम्ही बसलो. जेवण चांगलं केलं होतं, आम्हाला आधी वाढलं. मावशी मराठीत बोलत होती. प्रवास कसा झाला, वालूरला पाणी आहे का, जावयबापू बरे आहेत का. आई मराठीतच हो-नाही करत होती. निघताना तिनं विचारलं, आईला कुठं जाळलं. मावशीनं उंबऱ्यातूनच हात केला, त्या बाभळींच्या पल्याड, ओढ्याला. सोबत कुणी आलं नाही. आम्ही दोघी गेलो. तिथं काही नव्हतं, नुसता ओढा आणि गवत. आई थोडा वेळ उभी राहिली. रडली नाही. तिनं दुमडलेल्या बाह्या खाली केल्या आणि आम्ही चारठाण्याच्या रस्त्याला लागलो.

फाट्यावर एसटीची वाट बघत बसलो होतो. ऊस तोडायला निघालेल्या माणसांनी भरलेला एक ट्रक धूळ उडवत गेला. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं की मावशीचा राग आज ना उद्या जाईल, पुढच्या वर्षी पुन्हा येऊ. आईनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, एखाद्या परक्या मुलीकडं पाहावं तसं.

“आत्तापातूर मला वाटायचं, एकदा जायचं राहिलंय,” ती म्हणाली. “आता तेबी राहिलं न्हाई.”

एसटी आली. गर्दी होती, आम्हाला वेगवेगळ्या बाकांवर जागा मिळाली. त्यानंतर आई पुष्कळ वर्षं जगली.